पगारी रब्बीविना प्रार्थना

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी कित्येक पिढ्या रब्बीविना, म्हणजे धर्मगुरूविना, आपला धर्म टिकवला. न्यूयॉर्कमधल्या तरुण ज्यूंनी मात्र रब्बींची वाण नसलेल्या शहरात पगारी रब्बीशिवाय प्रार्थना चालवायचं ठरवलं. त्या जिद्दीच्या ओढीने त्यांच्या केहिलात हदार या प्रार्थनागटाची माहिती काढायला लागलो.

एप्रिल २००१ मध्ये एली कॉनफर, इथन टकर आणि मारा बेंजामिन यांनी मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडवर एका घरात शनिवारची प्रार्थना सुरू केली. हिब्रू प्रार्थना जुनीच, पूर्ण, काटछाट न केलेली. सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ, म्हणजे मिन्यान, परंपरेने पुरुषच असत. इथे त्या दहांत बाई मोजली जाते, प्रार्थना चालवते, तोरा हा धर्मग्रंथ वाचते. याच भागात १९२२ साली बारा वर्षांच्या ज्युडिथ कॅप्लनला बात मिट्झ्वाच्या, म्हणजे मुलगी वयात आल्याच्या धार्मिक विधीच्या वेळी तोराच्या मूळ गुंडाळीपासून दूर उभं राहून छापील पुस्तकातून वाचावं लागलं होतं.

ती गुंडाळी वाचणं हे खरं जोखमीचं काम. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तीन लाखांवर अक्षरं. स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, सुरावटीच्या खुणाही नाहीत. त्या सगळ्या छापील पुस्तकात बघून घरी घोकायच्या आणि शनिवारी सर्वांसमोर उभं राहायचं. चर्मपत्राला बोट लावायचं नाही; टोकाला इवलासा हात असलेली कांडी ओळीवरून सरकत जाते. शेजारी पुस्तक उघडून गब्बाई, म्हणजे वाचनावर लक्ष ठेवणारा, उभा. अर्थ पालटणारी चूक झाली की तो तिथल्या तिथे मोठ्याने सुधारतो आणि शब्द पुन्हा वाचावा लागतो. वाचणारी डॉक्टर असो की वकील, सुटका नाही. समता म्हणजे नुसती मुभा नव्हे, तयारीचं ओझंही सारखंच, हे इथे पटतं.

याच कसोटीत अशा स्वयंसेवी मिन्यानांची, म्हणजे प्रार्थनागटांची, अडचणही आहे. हिब्रू न येणारा नवखा मागच्या रांगेत अवघडून बसतो. वाचकांची यादी जुळवणं, भाड्याची जागा शोधणं, खुर्च्या मांडणं, प्रार्थनेनंतरचं खाणं, हे सगळं नोकरी सांभाळून करायचं. ते हळूहळू त्याच चार-पाच जणांच्या गळ्यात पडतं. तिशीतली माणसं लग्न, मुलं, घरभाडं यांपायी शहर सोडतात आणि शिकलेला वाचक हातचा जातो. घरात मृत्यू झाला तर धावून यायला नेमलेलं माणूस नसतं. ज्याला सुचेल त्याने जायचं.

मला काळजी वाटते ती या थकव्याची. उत्साहावर दोन वर्षं निघतात, वीस नाही. कॉनफर-टकर यांनी २००६ मध्ये शिक्षणासाठी वेगळी संस्था काढली, ती त्यामुळेच मोलाची वाटते. वाचता येणाऱ्या प्रत्येकाने आणखी एकाला तयार केलं, तरच पगारी रब्बीविना ही प्रार्थना पुढच्या पिढीपर्यंत पोचेल.