जुनी पिकअप, लेखांक ९ : थर्मोस्टॅट कुणी काढला?

टॅपेट पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. फीलर गेज आणून तयारीत बसलेल्यांची माफी मागतो, पण वाईकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न सोडून पुढे जाववेना. त्यांनी तीन महिन्यांपूर्वी जुनी टाटा २०७ घेतली. पाचगणीच्या बाजूची स्ट्रॉबेरी आणि भाजी ते पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवतात. ते लिहितात : ‘गाडी घेताना सांगितलं की थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे, त्यामुळे ही गाडी कधी तापणार नाही. खरंच, पहाटे निघालो की खंबाटकी ओलांडेपर्यंत काटा जागचा हलत नाही. पण उन्हाळ्यात खतानं भरलेली गाडी घेऊन पसरणी चढलो की पाणी फेकते. दोन्ही खरं कसं?’

‘दोन्ही खरं कसं?’ असा प्रश्न इतका नेमका क्वचितच कुणी विचारतं. याच प्रश्नानं मला स्वतःला दोन वर्षं छळलं होतं.

माझी २०७ मी डिसेंबरात घेतली. सकाळी सुरू केली की मागून पांढरट धूर यायचा, इंजिन खडखडायचं, आणि आठ-दहा किलोमीटर गेलं तरी तापमानाचा काटा तळाशीच. मी खूश होतो. ‘गार इंजिन आहे, भाग्यवान आहात,’ असं मला दोन जाणत्यांनी सांगितलंही. मे महिन्यात कुंभार्ली घाटात, हौद्यात विटा असताना, तोच काटा सरसर वर गेला आणि झाकणाखालून वाफ आली. रेडिएटर धुतला, बेल्ट बदलला, फॅन पाहिला, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. शेवटी एका रविवारी वरच्या होज पाइपचं इंजिनाकडचं हाउसिंग खोललं. आत नुसती पोकळी होती. थर्मोस्टॅट बसण्याच्या खाचेत सिलिकॉनचा जुना थर साचला होता आणि बोल्टांची डोकी गोल झालेली होती. कुणीतरी कधीतरी घाईत ते काम केलं होतं आणि मग ते कायमचं तसंच राहिलं.

आता यंत्रणा पाहू. पाण्याला इंजिनात फिरायला दोन वाटा असतात. एक छोटा फेरा : पंप, ब्लॉक, हेड आणि बायपासच्या नळीतून परत पंप. दुसरा मोठा फेरा : हेडमधून वरच्या होजनं रेडिएटरमध्ये, तिथून गार होऊन खालच्या होजनं परत. गार इंजिनात थर्मोस्टॅट मोठ्या फेऱ्याचं दार बंद ठेवतो, म्हणून थोडंच पाणी फिरतं आणि लवकर तापतं. पाणी ८० अंशांच्या थोडं वर गेलं की दार उघडू लागतं आणि ९५च्या आसपास पूर्ण उघडतं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. सुटतो तो पुढचा भाग. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. वरची चकती रेडिएटरचं दार उघडत असताना खालची चकती खाली सरकून बायपासचं तोंड दाबून बंद करते. एक वाट उघडली की दुसरी मिटली, असा तो जोडीचा व्यवहार आहे.

थर्मोस्टॅट काढला की दोन्ही वाटा कायम उघड्या. पहाटेच्या गारव्यात रिकामी किंवा हलकी गाडी उताराला लागली की इंजिनात उष्णता मुळातच कमी, आणि त्यातलं बरंच पाणी अख्ख्या रेडिएटरमधून फिरून येतं, म्हणून काटा उठत नाही. घाटात भरली गाडी दुसऱ्या गिअरवर रडत चढते तेव्हा उष्णता भरपूर असते, समोरून वारा नसतो, आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबानं रेडिएटरचा रस्ता धरायला हवा असतो. नेमकं तेव्हाच पाण्याचा मोठा हिस्सा उघड्या बायपासमधून तसाच गरम परत पंपाकडे येतो. त्यामुळे सकाळी अतिगार आणि दुपारी अतिगरम, या दोन्हींमागे ती एकच रिकामी खाच असते. पत्रातलं दोन्ही खरं आहे ते असं.

इथे एक समजूत खोडून काढतो, कारण ती गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते : ‘थर्मोस्टॅट नसला की पाणी इतकं जोरात फिरतं की त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही.’ हे बरोबर नाही. पाणी जितकं जोरात फिरेल तितका रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम राहतो आणि हवेला जास्तच उष्णता देतो. एकेक थेंब कमी गार होतो हे खरं, पण मिनिटाला थेंबही जास्त येतात. दोष वेगाचा नसून वाट चुकलेल्या पाण्याचा आहे.

मग ही सवय पडली कशी? ज्यानं पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढला त्याला मी नावं ठेवणार नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या रेडिएटरमध्ये क्षार आणि गंजाचा गाळ साचतो, तो थर्मोस्टॅटच्या दांड्यात बसतो आणि दार बंद अवस्थेत अडकतं. हे होतं ते घाटातच, रात्री, माल भरलेला असताना. तिथल्या मिस्त्रीकडे नवा थर्मोस्टॅट नसतो. तो हाउसिंग खोलतो, अडकलेला तुकडा काढतो, पाणी भरतो आणि गाडी गावाला पोचते. त्या रात्रीपुरता तो निर्णय शहाणपणाचाच होता. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, मालकाकडून. काही शे रुपयांची वस्तू परत बसवायची राहून गेली आणि पुढच्या मालकाला ‘काढलेला आहे’ हे गाडीचा गुण म्हणून सांगितलं गेलं.

गार इंजिनानं नुकसान काय, हे कळायला वेळ लागतो, कारण ते घाटात वाफ काढून सांगत नाही. डिझेल जळताना पाण्याची वाफही तयार होते. सिलिंडरची भिंत गार असली की ती वाफ तिथे दवासारखी धरते. डिझेलमधलं गंधक जळून त्या दवात मिसळलं की आम्ल होतं आणि ते भिंत खातं. आज बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भाग इतकंच असतं, पण बीएस-३ च्या काळात ते ३५० पर्यंत चालायचं. आपल्या जुन्या गाड्यांनी उमेदीची वर्षं त्या डिझेलवर काढली आहेत. माझ्या २०७ च्या इंजिनाचं नाव ४९७. चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४९७. स्ट्रोक १०० मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, २९५६ सीसी बरोबर येतात. त्या ९७ च्या आकड्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी झीज झाली तरी ऑइल वर चढू लागतं आणि दाब खाली उतरू लागतो. शिवाय गार इंजिनात न जळलेलं डिझेल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलमधलं पाणी उडून जायला जी ऊब लागते तीही मिळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट फेस दिसतो असं तिघांनी लिहिलं होतं. त्यांनी हेड गॅसकेटला दोष देण्याआधी आपल्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का ते पाहावं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं झालं असेल, तर मात्र गॅसकेटचाच विचार करायला हवा.

थर्मोस्टॅट ही वस्तू मला फार आवडते, म्हणून तिच्या पोटात काय असतं तेही सांगतो. तिथे एक पितळी डबी असते, तिच्यात मेण, आणि मेणात रोवलेला एक दांडा. वायर नाही, बॅटरी नाही. ठरावीक तापमानाला मेण वितळतं, वितळताना फुगतं आणि दांड्याला इतक्या ताकदीनं रेटतं की मजबूत स्प्रिंग दबून दार उघडतं. गार झालं की स्प्रिंग ते परत लावून घेते. अमेरिकेत सर्जियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात ही मेणाची युक्ती बसवली. त्याआधी भात्यासारख्या घडीच्या डब्या असत, आत लवकर उकळणारा द्रव. त्या पाण्याच्या दाबानं फसायच्या. मेण दाबाला दाद देत नाही, म्हणून दाबाखाली चालणाऱ्या रेडिएटरला तेच सोयीचं ठरलं.

हे घरी पाहता येतं आणि प्रत्येकानं एकदा पाहावंच. जुन्या पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅटला दोरी बांधून तो पाण्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. शेजारी थर्मामीटर धरा, तापाचा नव्हे, शंभराच्या वर मोजणारा. गॅस मंद ठेवा. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ किंवा त्याच्या जवळपास. त्या आकड्याला चकती हळूच सुटते, मग बघता बघता आठ-दहा मिलिमीटर उघडते. गॅस बंद करा आणि ती परत घट्ट मिटते का ते बघा. मिटली नाही तर तो थर्मोस्टॅट टाकून द्या. नवा आणला तरी आधी पातेल्यात घालून पाहा. माझ्याकडे पाकिटातून काढलेला एक नवा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला होता. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

बसवताना खाच खरवडून अगदी स्वच्छ करा. डबीची बाजू इंजिनाकडे. कडेला एक बारीक भोक असतं आणि त्यात लोंबती पिन. ते भोक वरच्या बाजूला यायला हवं, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. गॅसकेट नवंच घ्या. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर बोल्ट आलटून पालटून, बेतानं आवळा. पाणी सावकाश भरा, इंजिन झाकण न लावता आयडलवर चालू ठेवा आणि वरचा होज हातानं दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. थोड्या वेळानं वरचा होज एकाएकी गरम होईल. दार उघडलं याची ती खूण. पातळी स्थिर झाली की झाकण लावा.

त्या झाकणाबद्दलही दोन शब्द, कारण जुन्या पिकअपवर ते हमखास चुकीचं असतं. घरचा कुकर शिट्टीखाली सुमारे एक किलो दाब धरतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहतं. रेडिएटरचं झाकण हाच कुकर आहे. त्यावर ०.९ किंवा १३ असा आकडा असतो, म्हणजे पाणी ११८ च्या आसपास उकळणार. झाकणाचं रबर चिरलं की दाब गेला. मग महाबळेश्वराच्या उंचीवर, साडेतेराशे मीटरवर, तेच पाणी साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळेल. वाईकरांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं : तुमची गाडी चढते तसतसा पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो. दाबाच्या वाल्वखाली आणखी एक चिमुकला वाल्व असतो, तो गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. रात्रभर उभ्या गाडीचा होज सकाळी चिपाडासारखा चपटा दिसला तर तो चिमुकला वाल्व अडकला आहे असं समजा. गरम गाडीचं झाकण उघडू नका हे मी लेखांक दोनमध्ये लिहिलं होतं. पुन्हा लिहितो, कारण त्यानंतरही एकाचा हात भाजल्याचं पत्र आलं.

भरायचं काय? विहिरीचं पाणी नकोच. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. आपल्याकडे पाणी गोठत नाही मग कूलंट कशाला, असं विचारतात. आपल्याला ते हवं गंजरोधकांसाठी, आणि उकळण्याचा आकडा थोडा वर नेण्यासाठी. हिरवं-लाल रंगावरून जात ठरवू नका, डब्यावरचं वाचा, आणि दोन प्रकार मिसळू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. गळलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या आणि पोरांच्या वाटेत ठेवू नका. भरण्याआधी जुनं पाणी काढताना रेडिएटरचा खालचा कॉक तर उघडाच, पण ब्लॉकच्या कुशीत एक प्लग असतो तोही काढा. माझ्या गाडीत तो प्लग काढला तेव्हा पाणी आलंच नाही, आधी तारेनं टोचावं लागलं, मग चहाच्या रंगाचा चिखल आला. पाणी नितळ येईपर्यंत पाच वेळा भरून काढलं.

वाईकरांसाठी क्रम असा : आधी थर्मोस्टॅट आणि झाकण, मग रेडिएटरच्या जाळीतला पाचोळा इंजिनाकडून बाहेरच्या दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं. तरीही पसरणीत पाणी फेकलं तर रेडिएटरवाल्याकडे रॉडिंगला. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तो कारागीर टाकी उघडून नळ्या मोकळ्या करतो. आणि काट्यावर आंधळा भरवसा नको. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं बोलतो. पाणी पूर्ण गेलेल्या इंजिनात काटा ‘गार’ दाखवू शकतो.

हे सगळं झाल्यावर पहाटे निघा आणि खंबाटकीच्या पायथ्याला काटा कुठे आहे ते मला कळवा. माझा आता जेमतेम सहाव्या किलोमीटरला मधोमध येतो आणि कुंभार्लीच्या माथ्यावरही तिथेच असतो. धूर गेला, आणि लिटरमागे किलोमीटरभर जास्त मिळतो आहे. पत्राच्या शेवटी हौद्याच्या गंजाबद्दल विचारलं आहे, ते पावसाळ्याआधी घेईन. पुढच्या आठवड्यात टॅपेट, नक्की.