राखीव रायफल हवी का?

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तो साधायचा तर गालाखालचा टेकू, खांद्याचा आधार, ट्रिगरचा दाब सारं अंगवळणी पडलेलं हवं. म्हणून सराव स्पर्धेच्याच रायफलीवर करावा. सरावासाठी वेगळी लागत नाही.

बिघाड मात्र सांगून येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) भारतीय नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा लीव्हर तुटला, मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. आंतरराष्ट्रीय नेमबाजाने राखीव शस्त्र ठेवावं, पण तेही स्वतःच्या मापाने जुळवलेलं आणि अधूनमधून हाताळलेलं. नवख्याने मात्र आधी छर्रे, सुटे सील आणि चांगलं प्रशिक्षण यांवर पैसे खर्चावेत.