पेढीच्या संगणकांचा राखणदार निवडताना

27 जून 2017 रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज संगणकीय हल्ल्यामुळे कोलमडले. त्या दिवशी जगभर पसरलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून शिरला होता. व्यापारी ज्या खतावणीवर डोळे मिटून विसंबतो, तिच्याच वाटेने चोर आला. ‘आपल्या लहान पेढीकडे कोण पाहतो?’ असे म्हणण्यास आता जागा नाही. प्रश्न आहे तो सल्ला कोणाचा घ्यावा, हा.

वही लिहिणारा मुनीम आणि ती तपासणारा सनदी लेखापाल वेगळे असावेत, हे व्यापारी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच नियम आपण सहज मोडतो. ज्याने संगणक विकले, तारा ओढल्या, टॅली चालू करून दिली, त्यालाच विचारतो, ‘सारे सुरक्षित आहे ना?’ तो प्रामाणिक असला तरी स्वतःच्या कामातील उणीव त्याला दिसणे कठीण. आणि फायरवॉल विकून ज्याचा प्रपंच चालतो, त्याच्या अहवालात फायरवॉलचीच उणीव निघते.

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने मान्यता दिलेल्या तपासणी संस्थांची यादी तिच्या संकेतस्थळावर आहे. नाव तेथे स्वतः पाहावे. माहितीपत्रकावरील मुद्रेवर भिस्त ठेवू नये. ही मान्यता संस्थेला असते, म्हणून प्रत्यक्ष पेढीत येणारा माणूस कोण, हेही विचारावे. ‘सीआयएसए’ व ‘सीआयएसएसपी’ या प्रमाणपत्रांना परीक्षेबरोबर काही वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ‘ओएससीपी’ची परीक्षा तर जवळजवळ 24 तास चालते आणि तीत सरावासाठी उभारलेल्या यंत्रणेत शिरून दाखवावे लागते.

तरीही प्रमाणपत्रापेक्षा पहिल्या भेटीतील प्रश्न मला अधिक बोलके वाटतात. हिशेबाची दुसरी प्रत कोठे असते? ती मुख्य संगणकाला सदैव जोडलेली तर नसते? ती उघडून शेवटची कधी पाहिली? काम सोडून गेलेल्या नोकराचा पासवर्ड बंद केला का? ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला’ असा पुरवठादाराचा ई-मेल आला, तर रक्कम पाठवण्यापूर्वी जुन्या क्रमांकावर फोन कोण करतो? जाणकार सल्लागार असे प्रश्न आधी विचारतो. यंत्रांचा दरपत्रक नंतर, किंवा कधीच नाही.

‘तुमच्या यंत्रणेत शिरून पाहिले, मोठी भोके आहेत’ असे सांगत कोणी न बोलावता आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच निरोप द्यावा. मालकाच्या अनुमतीविना संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 चा भंग आहे.

काम देताना कोणते संगणक तपासायचे, कोणत्या दिवशी (मार्चअखेर नकोच), आपला हिशेब कोणाच्या दृष्टीस पडणार, हे कागदावर यावे. नावे झाकलेला एखादा जुना अहवाल आधी मागून वाचावा. तयार सॉफ्टवेअर चालवून छापलेली दोनशे पाने स्वस्तात मिळतात, पण त्यांतून पेढीत जीएसटीचे काम पाहणाऱ्या मुलाला किंवा सुनेला काही उमगत नाही. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी ठरलेल्या शुल्कातच धरावी. एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची माहिती ‘सर्ट-इन’ला सहा तासांत कळवायची असते. तेव्हा रविवारी रात्री फोन कोण उचलणार, त्याचे नाव व क्रमांकही करारात लिहून घ्यावा.