तुरीच्या मुळाशी चंदन

चंदन अर्धपरजीवी आहे. पाने हिरवी असल्याने अन्न ते स्वतः तयार करते. पाणी आणि क्षार मात्र बऱ्याच अंशी शेजारच्या झाडांच्या मुळांतून ओढून घेते. असे यजमान ३०० हून अधिक जातींचे आहेत. ज्वारीच्या मुळावर उठणारे टारफुला हे परजीवी तण लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक असते. चंदन तितके घातकी नाही. त्याचा यजमान सहसा जगतो.

पाखरांनी टाकलेल्या बियांतून चंदन बांधावर, कुंपणाच्या काटेरी झुडपांत उगवते. तिथे यजमान आयताच मिळतो. रोपवाटिकेत तो शोधून द्यावा लागतो. पिकलेल्या जांभळट-काळ्या फळांचा गर चोळून काढतात. ताजे बी काही आठवडे सुप्त राहते, म्हणून ते जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात रात्रभर भिजवतात. रोप पिशवीत आले की शेजारी तूर टोकतात. पुढे पिशवी फाडून माती हळूच धुतली, तर तुरीच्या मुळाला घट्ट चिकटलेला, मोहरीएवढा पांढुरका मणी दिसतो. हा चंदनाचा शोषक. तो ब्लेडने उभा कापल्यास त्यातून निघालेली पाचर तुरीची साल भेदून थेट पाणी वाहणाऱ्या नलिकांपर्यंत पोचलेली आढळते. तूर माजली तर चंदन सावलीत दबते. मग तिचे शेंडे खुडायचे.

तुरीची सोबत थोड्या काळाची. शेतात करंज, कडुलिंब किंवा सुरू असा कायमचा यजमान हवाच. नुसत्या चंदनाच्या रांगा लावल्या तर रोपे पिवळी पडून खुरटतात, आणि खताच्या गोण्या ओतून ही उणीव भरून निघत नाही. जमिनीबाबतही फसगत होते. गोदावरी-मांजराकाठच्या भारी काळ्या रानात पावसाळ्यात पाणी साचते, मुळे कुजतात. इतर पिकांना नकोशी वाटणारी, निचऱ्याची मुरमाड जमीन चंदनाला मानवते.

गाभा धरायला दहाएक वर्षे जातात, आणि विकण्याजोगा व्हायला त्याहून कितीतरी जास्त. सुगंध या गाभ्यालाच. सालीलगतचे पांढरे लाकूड बिनवासाचे. तेलाचे प्रमाण मुळांत सर्वाधिक असल्याने झाड बुंध्याशी न कापता मुळासकट खणून काढतात. खासगी शेतातले असले तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते.