सायकल गल्लीतच राहते

महागावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकल हातात आली की ती किती चालते ते लगेच कळतं. चालणारीची चेन सैल पडलेली असते, टायर गुळगुळीत झालेला असतो, ट्यूबला बाभळीच्या काट्यांची चार-पाच ठिगळं असतात. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलीची सायकल आली. टायर कोरे, पण उभ्या उभ्या ट्यूब चिरलेली. आई म्हणाली, "भाऊ, नवी ट्यूब टाकून द्या. पोरगी गल्लीतच फिरवते. शाळेत रोडने कोण पाठवणार?"

शाळा तीन किलोमीटरवर, म्हणजे सायकलने पंधरा मिनिटं. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५,००० रुपये मिळतात. शाळा ५ किलोमीटरच्या आत असावी, अशी अट आहे. म्हणजे अंतर सायकलीचंच आहे. अडतं ते रस्त्यावर.

उमरखेडहून आर्णी-यवतमाळकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग आमच्याकडून जातो. तो चौपदरी झाला, पेशंट दवाखान्यात लवकर पोचू लागला, हे चांगलंच झालं. पण एक हिशेब करून पाहा. एका बाजूचे दोन पदर ७ मीटर रुंद. सायकल हातात धरून ते ओलांडायला सात सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारा ट्रक तेवढ्यात दीडशे मीटर जवळ येतो. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला तर आणखी वेळ लागतो. दुभाजकातली वाट लांब असली की शेतकरी उलट्या बाजूने सायकल घालतो. त्याला आपण बेशिस्त म्हणतो, पण त्याला पडणारा फेरा कुणी मोजत नाही. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पायी चालणारे अपघातात गेले.

गावातही तीच अडचण. इंडियन रोड्स काँग्रेस सांगते, पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर वाट मोकळी हवी. तिथे मोटारसायकली उभ्या असतात, आणि माणूस गाड्यांच्या रांगेत उतरतो. त्यात वैशाखाचं ऊन आणि कडेला सावली नाही.

मागणं मोठं नाही. लोक ओलांडतात तिथे गाड्यांचा वेग उतरवा, दिवे लावा, कडेला सायकलीपुरती वेगळी पट्टी आणि कडुनिंब द्या.

त्या सायकलीला मी नवी ट्यूब टाकली, ब्रेक आवळले. पुढच्या वेळी ती काट्याने पंक्चर होऊन माझ्याकडे यावी, असं मला मनापासून वाटतं.