शंभर वॅटची भाषा

रेवदंडा मागे टाकून साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडली की मुरूड तालुका लागतो. थोडं पुढे गेलं की उजव्या हाताला समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर दिसतो. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव. एसटीत, बाजारात, शाळेत सगळीकडे मराठी. पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत माणसं आपसांत बोलतात ते ऐकून पाहुणा चक्रावतो. भाषाशास्त्रज्ञ तिला कोर्लई क्रिओल पोर्तुगीज म्हणतात. बोलणारे मात्र साधं 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. ती बोलणारे हजाराच्या आतबाहेर.

पोर्तुगीजांनी चौलला 1516 साली वखार घातली आणि 1521 मध्ये किल्ल्याचं काम काढलं. समोरचा कोर्लईचा डोंगर 1594 मध्ये त्यांच्या हाती आला. 1740 साली हा सगळा मुलूख मराठ्यांकडे गेला, पोर्तुगीज निघून गेले आणि इथली ख्रिस्ती माणसं तिथंच राहिली. लिस्बनशी संबंध तुटला, गोवा लांब आणि आजूबाजूला सगळी मराठी. तरीही भाषा टिकली, फक्त तिची कूस बदलली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकाने तिच्यावर 1996 मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. तिच्यात क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटाकडे सरकलं आहे. 'काता' म्हणजे गाणं आणि 'बेबे' म्हणजे पिणं हे पोर्तुगीज घरातलं, पण ढकलण्याला शब्द आहे 'लोटू'. आपलंच लोटणं! मराठीतून आलेल्या क्रियापदांना या भाषेने 'ऊ'कारान्त असा वेगळा पाटच मांडून दिला आहे. पाहुण्याला घरात घ्यायची ही रीत मला फार आवडते.

या भाषेत एकही रेडिओ केंद्र नाही. यात नवल वाटू नये. हजार माणसांसाठी मनोरा कोण उभारणार? पण तिची आई, म्हणजे पोर्तुगीज, हिला कोकणपट्टीत सरकारी रेडिओ मिळाला होता. पणजीचं 'एमिसोरा द गोवा' 1946 साली सुरू झालं. सरकार पोर्तुगीज, कारभाराची भाषा पोर्तुगीज आणि ऐकणारे बहुतेक कोकणी-मराठी बोलणारे. तिथून होणाऱ्या सरकारी प्रचाराला उत्तर द्यायला 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या रानातून एक छुपं केंद्र बोलू लागलं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवत. पुढे ते कॅसलरॉकला हललं आणि गोवा मुक्त होईपर्यंत चाललं. गंमत अशी, की ते कोकणीबरोबर पोर्तुगीजमधूनही बोलत असे. राज्यकर्त्याला त्याच्याच भाषेत सुनवायचं होतं. मुक्तीनंतर पणजीचं केंद्र आकाशवाणीकडे आलं. पोर्तुगीजला मनोरा होता, पण घरं थोडी. कोर्लईत नेमकं उलटं.

मनोरा आणि घरं दोन्ही असलेलं उदाहरण पाहायला पार कॅनडात जावं लागतं. मॅनिटोबा प्रांत 1870 साली फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा मानून जन्मला. वीस वर्षांत इंग्रजीच एकटी उरली आणि 1916 मध्ये शाळांतून फ्रेंच शिकवणंही बंद झालं. तिथल्या सेंट बोनिफेसच्या फ्रेंच लोकांनी वर्गणी काढली, क्वेबेकहूनही मदत आली आणि 27 मे 1946 रोजी 'सीकेएसबी' केंद्र चालू झालं. एमिसोराही त्याच वर्षीचं. पण एक सत्तेने काढलेलं, तर दुसरं वर्गणीतून उभं राहिलेलं. 1973 मध्ये सीबीसी या सार्वजनिक संस्थेने सीकेएसबी विकत घेतलं. टोरंटोत तर सीबीसीने 1964 साली आपलं एक इंग्रजी केंद्रच फ्रेंच करून टाकलं, तेव्हा इंग्रजी श्रोत्यांनी बराच आरडाओरडा केला. अल्पसंख्यांच्या भाषेला सरकारी पैसा द्यायचा म्हटलं की ही कुरकुर कुठेही ऐकू येते.

आपल्याकडे 2006 च्या धोरणाने सामुदायिक रेडिओ सेवाभावी संस्थांनाही खुला झाला. शक्ती साधारण शंभर वॅट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत किंवा बोलीत असावेत, असं त्या धोरणातच म्हटलेलं आहे. कोर्लईच्या डोंगरावरून शंभर वॅट म्हणजे चौल-रेवदंडा सहज आवाक्यात. वस्तीला तेवढं पुरून उरेल.

अर्थात अडचणी खूप. परवाना मिळाला तरी वीजबिल भरायचं, दुरुस्ती करायची आणि रोज काय बोलायचं तेही ठरवायचं. त्यात चर्चमध्ये पोर्तुगीजच्या जागी मराठी आली, पोरं मराठी शाळेत जातात आणि पूल झाल्यावर रेवदंडा हाकेच्या अंतरावर आलं. म्हणजे श्रोते आधीच मराठी ऐकायला सरावलेले. शिवाय 'नौ लिंग'ला स्वतःची अशी लिपी नाही. ती आजवर बोलूनच चालत आली. निवेदकाने कागद हातात घेतला तर अक्षरं कोणती? शाळेत शिकलेली तीच, बाराखडीची. मग 'लोटू' लिहायला त्याला काहीच अडचण येणार नाही.