अडगळीतील गोल्फगाडीचे पुनरुज्जीवन

गोल्फ हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेला नसेल, आणि गोल्फच्या मैदानावर फिरणारी ती छोटी, चार चाकांची, वर छप्पर असलेली गाडी तर केवळ चित्रातच पाहिली असेल. तरीही या आठवड्यात आम्ही तिच्याविषयी लिहावयाचे ठरविले आहे. आपल्या गावोगावच्या कुटुंबांची मुलेबाळे आज अमेरिकेत नांदत आहेत. तेथे जुने घर विकत घेतले की पाठीमागच्या छपरात एखादी पेट्रोलवर चालणारी जुनी गोल्फगाडी धूळ खात पडलेली सापडते. अशाच एका घरून आमच्याकडे विचारणा झाली. त्या घरच्या वृद्ध वडिलांचे गुडघे निकामी झाले आहेत. अंगणाच्या टोकाशी असलेल्या बागेपर्यंतही त्यांना चालवत नाही. ‘ही गाडी पुन्हा चालेल काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर देताना आमच्या लक्षात आले की, यातील पुष्कळसे ज्ञान विहिरीवरील पेट्रोल इंजिनास, फवारणीच्या पंपास व गवत कापण्याच्या यंत्रासही तितकेच लागू पडते. म्हणून ते सर्वांसमोर ठेवीत आहोत.

या गाडीचा जन्मच मुळी दुर्बलांच्या सोयीसाठी झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १९३०च्या दशकापासून १९५०च्या दशकापर्यंत ज्यांना दूरवर चालता येत नसे, असेच खेळाडू प्रामुख्याने ती वापरीत. पुढे १९५१ साली कॅलिफोर्नियातील रेडलँड्स येथे मार्केटियर कंपनीने विजेवरील गोल्फगाडी तयार करण्यास आरंभ केला. १९५४ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरी ई-झी-गो ही कंपनी निघाली. मोटारसायकलींसाठी विख्यात असलेल्या हार्ले-डेव्हिडसननेही १९६३ ते १९८२ या काळात अशा गाड्या बनविल्या, आणि पुढे जपानची यामाहा कंपनीही या धंद्यात उतरली. जॉर्जियातील पीचट्री सिटी या गावी तर लोक बाजारहाटासाठी व शाळेत जाण्यासाठी गोल्फगाडीच वापरतात. तिच्यासाठी तेथे मैलोगणती स्वतंत्र वाटा बांधलेल्या आहेत.

आता मुख्य विषयाकडे वळू. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी दिसताच तीत नवे पेट्रोल ओतून किल्ली फिरविण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. प्रथम गाडी ढकलून उघड्यावर आणावी. चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो माणसास गुंगी आणतो आणि प्राणही घेतो. डोके दुखू लागले, भोवळ वा मळमळ आली, की तत्क्षणी मोकळ्या हवेत यावे. जवळ बिडीकाडी नको, चूल नको. बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, पुढच्या चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत आणि मागील चाके जॅकने उचलून भक्कम टेकूंवर अधांतरी ठेवावीत. हे शेवटचे का, ते पुढे कळेल.

पहिला संशयित म्हणजे जुने पेट्रोल. काही महिने टाकीत राहिले की पेट्रोल बिघडते. त्यातील उडून जाणारा अंश निघून जातो व मागे चिकट राळ उरते. अमेरिकेत पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. आपल्या देशातही हे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांस पोहोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि त्यामुळे टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज चढतो. तेव्हा जुने पेट्रोल पूर्णपणे काढावे. ते मातीत वा विहिरीजवळ मात्र कदापि ओतू नये. एखाद्या गॅरेजकडे अथवा नगरपालिकेच्या ठरलेल्या ठिकाणी सोपवावे. टाकी स्वच्छ करावी, रबरी नळ्या व गाळणी नवीन घालावी. नळी बोटांत वाकवून पाहिली असता तीस भेगा दिसल्या, तर तिचा मोह धरू नये.

दुसरे काम इंजिनाचे. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर तेल आत सोडावे, एक रात्र जाऊ द्यावी आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. सहज फिरले तर अर्धी लढाई जिंकली. अडले तर बळजबरी करू नये; पुन्हा तेल घालून धीर धरावा. हवेची गाळणी उघडून पाहावी. उंदरांना तेथे घर करणे फार आवडते.

इंजिन दोन-स्ट्रोक आहे की चार-स्ट्रोक, हे ओळखणे अत्यंत महत्त्वाचे. १९८०च्या दशकापर्यंतच्या कित्येक गोल्फगाड्या दोन-स्ट्रोकच्या होत्या. ज्यांनी जुनी बजाज चेतक चालविली आहे, त्यांस पेट्रोलपंपावर तेल मोजून मिसळून घेण्याचा प्रघात आठवत असेल. तीच ही जात. काही गाड्यांत तेलाची वेगळी टाकी असते, काहींत ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण त्या गाडीच्या पुस्तिकेवरूनच घ्यावे, कारण तेलाविना दोन-स्ट्रोक इंजिन थोड्याच वेळात जळून जाम होते. चार-स्ट्रोक असेल तर जुने तेल काढून नवे भरावे.

या गाडीच्या दोन खुब्या जाणून घेतल्या नाहीत, तर चांगला मेस्त्रीही गोंधळतो. पहिली अशी की, पुष्कळ पेट्रोल गोल्फगाड्या उभ्या असताना इंजिन फिरत ठेवीत नाहीत. किल्ली लावून पायाचे पेडल दाबले की इंजिन सुरू होते व लगेच गाडीही निघते. पाय उचलला की इंजिन थांबते. मागील चाके अधांतरी ठेवा असे आम्ही म्हटले, ते याचसाठी. दुसरी खुबी अशी की, इंजिन सुरू करणारे आणि बॅटरी भरणारे यंत्र एकच असते व ते पट्ट्याने इंजिनास जोडलेले असते. काही जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत तर मागे जाण्याचा गियरच नाही. हे यंत्र इंजिनास उलट दिशेने फिरवून सुरू करते आणि गाडी मागे चालते!

बॅटरीची टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, लख्ख करावीत. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आता जोडणी करून पेडल दाबावे आणि कान देऊन ऐकावे. काहीच आवाज नसेल तर दोष फ्यूजमध्ये, किल्लीत, पेडलखालील छोट्या स्विचमध्ये किंवा चासीस जोडलेल्या सैल तारेत शोधावा. नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन इंजिन फिरत नसेल, तर बॅटरी अशक्त आहे, किंवा जाड प्रवाह सोडणाऱ्या सोलेनॉइडचे संपर्क झिजले आहेत.

इंजिन जोमाने फिरते, पण पेटत नाही, असे झाले तर थोडा वेळ फिरवून प्लग काढून पाहावा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येत आहे. उणीव ठिणगीची समजावी. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. अशा वेळी पंप तपासावा. या गाड्यांचा पंप बहुधा विजेवर चालत नाही. इंजिनाच्या पोटातील हवेचा दाब क्षणोक्षणी कमी-अधिक होतो. तो एका बारीक नळीतून येऊन पंपाच्या रबरी पडद्यास हलवितो. त्या नळीस सुईएवढे छिद्र पडले तरी सारे काम अडते. पंप ठीक असेल तर कार्बोरेटर उघडावा. त्यातील अतिसूक्ष्म छिद्रे राळेने बुजलेली असतात. ती योग्य द्रावणाने व हवेच्या झोताने मोकळी करावीत. तार खुपसून ती मोठी करू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

इंजिन सुरू झाले, म्हणजे सर्व काही झाले असे नव्हे. किंबहुना खरी जबाबदारी येथूनच सुरू होते. पडलेली गाडी कोणाचा घात करीत नाही. ब्रेक नसलेली चालती गाडी मात्र करते. यास्तव गाडी जमिनीवर उतरविण्यापूर्वी ब्रेकची तार, पट्टे, चाकांचे नट, सुकाणूचे सांधे व टायर तपासावेत. रबरी पट्टा चिरलेला असल्यास बदलावा. वेग मर्यादित ठेवणारा गव्हर्नर पुष्कळ तरुण मौजेखातर सैल करतात. हे कृत्य निव्वळ अविचाराचे आहे. त्या गाडीची चासी आणि ब्रेक त्या वेगासाठी बनविलेलेच नसतात, आणि तीत उद्या गुडघेदुखीने बेजार झालेले वडील बसणार आहेत. शेवटी चासी तपासावी. लोखंडी चासी आतून गंजून पोखरली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडून तिचे उपयोगी भाग दुसऱ्या गाडीसाठी काढून घेणे हेच शहाणपण.

नवीन वस्तू घेणे सोपे असते. पैसे दिले की काम झाले. जुनी वस्तू मात्र आपला वेळ मागते, लक्ष मागते, चिकाटी मागते. जुन्या यंत्राची व वृद्ध माणसाची बरोबरी करू नये, हे खरे. परंतु ज्या हातांना जुन्या यंत्राचा आवाज धीराने ऐकण्याची सवय जडते, ते हात घरातील थकल्या माणसाचे म्हणणेही घाईने झटकीत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. त्या घरास आम्ही हेच कळविले आहे: घाई करू नका, बंद छपरात इंजिन सुरू करू नका, आणि ब्रेक पक्के झाल्यावाचून वडिलांना गाडीत बसवू नका. मग बाग दूर राहणार नाही.